ठणकणाऱ्या दाढेतला गर वाचवताना : मोठ्यांच्या दातांतली पल्पोटॉमी, पायरीपायरीने

रात्रीची झोप उडवणारी दाढ, थंड पाण्याच्या घोटाबरोबर उठून मिनिटभर न ओसरणारी कळ, आणि एक्स-रेत थेट गराला (दाताच्या आतल्या मऊ, जिवंत ऊतीला, म्हणजे पल्पला) भिडलेली कीड. कॉलेजात या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की उत्तर ठरलेलं असायचं. गर संपला, रूट कॅनाल करा. मीही पुष्कळ वर्षं तेच केलं. त्यातल्या कितीतरी दाढा उघडल्यावर आतला गर लालभडक, जिवंत आणि चांगला घट्ट दिसायचा. तो फाईलने ओढून काढताना हात किंचित अडखळायचा, पण पुस्तक अडखळत नव्हतं.

आता पुस्तकही बदललं आहे. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीने २०१९ मध्ये आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडोंटिस्ट्सने २०२१ मध्ये जिवंत गर राखण्याच्या उपचारांबद्दल आपापली अधिकृत भूमिका मांडली. मूळ पूर्ण तयार झालेल्या मोठ्यांच्या दातांतही, 'परत न फिरणारी' म्हणून ओळखली जाणारी गरदाह असतानासुद्धा, वरचा सुजलेला गर काढून मुळांतला गर राखता येऊ शकतो (हीच पल्पोटॉमी), हे दोन्हीकडे मान्य झालं आहे. ते खुर्चीजवळ कसं करायचं, कुठे थांबायचं आणि कुठे माघार घ्यायची, हे पुढे सांगतो. हा मजकूर दंतवैद्यांसाठी, इंटर्नसाठी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रुग्णाने घरी करण्यासारखं यात काहीही नाही.

आधी समज, मग बर (दात कोरण्याचं टोक)

गर चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. त्यामुळे एका कोपऱ्यात सूज आली की दाब सगळीकडे पसरतो आणि मुळाच्या टोकाशी रक्तवाहिन्या आवळून सगळा गर मरतो, असं आपण शिकलो. प्रत्यक्ष मोजमापांतून वेगळं निघालं. दाब वाढतो तो सुजलेल्या जागेपुरता. तिथून एक-दोन मिलिमीटर अंतरावर तो जवळपास नेहमीसारखा असतो. म्हणजे गर एका झटक्यात मरत नाही, तो वरून खाली टप्प्याटप्प्याने हरतो. किडीखाली पू आणि जंतू, त्याच्या खाली सूज, आणि मुळांत पुष्कळदा धडधाकट गर. ही सारी अवस्था एकाच दाढेत एकाच वेळी असते.

१९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांतला गर मुद्दाम उघडा केला. साध्या उंदरांत गर सडला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र, तोंडात अन्न कोंबलं जात असूनही, उघड्या गरावर डेंटिनचा (इनॅमलखालच्या कठीण थराचा) पूल बांधला गेला. त्या उंदरांना कुणी सिमेंट लावलं नव्हतं. गर स्वतः दुरुस्ती करतो, फक्त त्याच्या आणि जंतूंच्या मध्ये भिंत हवी. पुढच्या प्रत्येक पायरीत मी हेच डोळ्यांसमोर ठेवतो, आणि म्हणूनच जाहिरातींतल्या 'रीजनरेटिव्ह' या शब्दाकडे जरा सावधपणे बघतो. मुळांच्या तोंडाशी जे घडतं ती बहुतेक वेळा दुरुस्ती असते. तिथे तयार होणारं कठीण आवरण मूळ डेंटिनसारखं रेखीव नळ्यांचं असेलच असं नाही. तरी दात जिवंत राहतो आणि रुग्णाला तेवढंच हवं असतं.

कोणतं सिमेंट, आणि का

कॅल्शियम हायड्रॉक्साईड १९२० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याने पुष्कळ गर वाचवलेही. पण त्याच्याखाली तयार होणाऱ्या पुलात बोगद्यासारखी भोकं राहतात आणि पदार्थ हळूहळू विरघळतो, त्यामुळे कालांतराने जंतूंना वाट मिळते. मोठ्यांच्या किडलेल्या दाढांत अर्धवट पल्पोटॉमी करून केलेल्या एका तुलनेत दोन वर्षांनी एमटीए (मिनरल ट्रायऑक्साईड ॲग्रीगेट) या सिमेंटचं यश ८५ टक्के आणि कॅल्शियम हायड्रॉक्साईडचं ४३ टक्के आलं होतं. या कामासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साईड मी केव्हाच बाजूला ठेवलं आहे.

एमटीए १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने आणलं. ते मुळात कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट आहे, बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटचं शुद्ध भावंड. पाणी मिळालं की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं आणि कॅल्शियम हायड्रॉक्साईड बाहेर पडतं. पीएच मिसळल्याबरोबर १०.२ च्या आसपास असतो आणि तीन तासांत १२.५ पर्यंत चढतो. बाहेर पडणारं कॅल्शियम ऊतीद्रवातल्या फॉस्फेटशी जुळून ॲपेटाईटचा थर बसवतं. त्याच वेळी डेंटिनमध्ये अडकून पडलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक सुटे होतात. ते गरातल्या मूळपेशींना कामाला लावतात, आणि त्या डेंटिन तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात.

एमटीएचे दोन त्रास आहेत. घट्ट व्हायला जवळजवळ पावणेतीन तास लागतात. दुसरा त्रास त्यातल्या बिस्मथ ऑक्साईडचा. सोडियम हायपोक्लोराईट किंवा दातातल्या कोलॅजेनशी गाठ पडली की ते काळं-तपकिरी पडतं. पांढरं एमटीए २००२ मध्ये आलं, पण बिस्मथ त्यातही आहे, त्यामुळे पांढरं म्हणून फसू नका. पुढच्या दातांत बिस्मथ असलेलं काहीही वापरू नये.

बायोडेंटिन या दुसऱ्या कॅल्शियम सिलिकेट सिमेंटमध्ये बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साईड आहे आणि द्रवात कॅल्शियम क्लोराईड आहे, म्हणून ते साधारण १२ मिनिटांत बसतं. माझ्या हातात बहुतेक वेळा हेच असतं. त्याची एक अडचण पहिल्या काही केसेसमध्ये गोंधळात टाकते. एक्स-रेत ते डेंटिनसारखंच दिसतं, त्यामुळे पाहणाऱ्याला गराची खोली (दाताच्या आतली पोकळी) रिकामी असल्याचा भास होतो. तयार लगद्याच्या रूपात मिळणारी बायोसिरॅमिक सिमेंटं हाताळायला सोपी, पण त्यांना घट्ट व्हायला ऊतीतला ओलावा लागतो आणि वेळही जास्त लागतो. दिव्याच्या उजेडाने कडक होणारी रेझिनमिश्रित कॅल्शियम सिलिकेटं सुजलेल्या गरावर थेट ठेवू नयेत. न जुळलेलं रेझिन गराला सोसत नाही.

रुग्णाची निवड

इथे घाई केली तर बाकीची सगळी कारागिरी वाया जाते. प्रश्न ठरावीक विचारा. कळ आपोआप येते की काही लागल्यावर? थंडाने आल्यावर किती सेकंद टिकते? गोळीने थांबते का? रात्री जाग येते का? उष्णाने वाढून थंडाने बरं वाटतं का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर गराचा बराच भाग गेलेला असण्याची शक्यता मी जास्त धरतो.

मग तपासणी. थंड फवारा कापसावर मारून आधी शेजारच्या निरोगी दातावर लावा आणि मगच संशयिताकडे या. रुग्णाला तुलना करायला काहीतरी हवं. ठोकून पाहा, हिरडीवर बोट दाबून पाहा, प्रोबने खिसे मोजा, पेरीॲपिकल (मुळाच्या टोकापर्यंतचा) आणि बाइटविंग (दातांचे वरचे भाग दाखवणारा) असे दोन्ही एक्स-रे घ्या. ठोकल्यावर दुखणं म्हणजे रूट कॅनालच, असं नाही. मुळाभोवतालचा पडदा थोडा रुंदावलेला असला तरी पल्पोटॉमीला वाव असतो. २०१७ मध्ये वोल्टर्स आणि सहकाऱ्यांनी गरदाहाचे सुरुवातीचा, सौम्य, मध्यम आणि तीव्र असे चार टप्पे सुचवले आणि प्रत्येकाला उपचार जोडला. 'परतणारी' आणि 'न परतणारी' या दोनच कप्प्यांपेक्षा ही मांडणी खुर्चीवर जास्त उपयोगी पडते, असं माझं मत. तीव्र टप्प्यातही ते थेट रूट कॅनाल म्हणत नाहीत. वरचा गर काढून रक्त थांबतं का, हे बघायला सांगतात.

काही ठिकाणी मात्र सुरुवातच करू नका. थंडाला उत्तर नाही आणि हिरडीवर पुळी आहे. बाहेरून सूज आहे. मुळाशी ठळक काळा डाग आहे. किंवा कीड काढल्यावर उरलेल्या दातावर नीट भरण बसणारच नाही. यातली शेवटची अट सर्वांत जास्त दुर्लक्षित होते. गर वाचला आणि भरण गळलं, तर तो वाचलेला गर वर्षभरात मरतो. हृदयाच्या झडपेचा दोष असलेले किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले रुग्ण असतील, तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा मार्ग धरू नका. वय हा एकटा निकष मी मानत नाही. उतारवयात गर आक्रसलेला असतो आणि अंदाज थोडा कमी धरावा लागतो, एवढंच.

बर उचलण्याआधी संमती घ्या आणि ती घेताना तीन शक्यता सांगा: गर राहील, आज उघडल्यावर रूट कॅनालच करावं लागेल, किंवा आज राहील आणि पुढे कधीतरी रूट कॅनाल लागेल. मी हे कागदावर लिहून सही घेतो. रुग्ण 'तुम्ही तर गर वाचवणार होतात' असं म्हणू लागला, की तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही.

भूल

सुजलेल्या गराची दाढ सहज बधिर होत नाही, खालच्या जबड्यात तर नाहीच. अडचण नसेल तर एक तास आधी ६०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिल्याने खालच्या जबड्याच्या ब्लॉकला (मज्जातंतू बधिर करणाऱ्या इंजेक्शनला) मदत होते. पोटाचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, किंवा अशा गोळ्यांनी वाढणारा दमा असेल तर देऊ नका. ब्लॉकनंतर गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेनचं इन्फिल्ट्रेशन (दाताजवळच दिलेलं भुलीचं इंजेक्शन) जोडा.

ओठ बधिर झाला म्हणून गर बधिर झाला, असं समजू नका. काम सुरू करण्याआधी पुन्हा थंड फवारा लावून बघा. कळ आली तर थांबा आणि वाढीव भूल द्या.

एक खोच इथेच सांगून ठेवतो. दाताच्या पडद्यात सुई घालून ॲड्रेनालिनसह भूल दिली की गरातला रक्तप्रवाह काही काळ घटतो. पुढे ज्या रक्तस्रावावरून आपण निर्णय घेणार आहोत, तोच खोटा ठरू शकतो. तसं इंजेक्शन द्यावंच लागलं तर ते कागदावर नोंदवा, आणि रक्त झटपट थांबलं तरी आनंद आवरा. गराच्या आत थेट भूल टोचणं या कामात टाळावं. त्या दाबाने राखायची ऊतीच दुखावते.

रबर डॅम आणि कीड

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) बसत नसेल तर पल्पोटॉमी करू नका. यात तडजोड नाही. डॅम लावल्यावर दात आणि रबर हायपोक्लोराईटने पुसून घ्या.

पृष्ठभागावरची ठिसूळ कीड आणि आधाराविना उरलेलं इनॅमल आधी काढा. मग सगळ्या बाजूच्या भिंती पूर्ण स्वच्छ करा, आणि गरावरची कीड शेवटी काढा. एरवी खोल किडीत आपण गरावरचा मऊ थर मुद्दाम राखतो. इथे गर उघडायचाच आहे, म्हणून कीड पूर्ण काढायची. गर उघडण्याच्या क्षणी खड्ड्यात किडका चुरा उरलेला नसावा, म्हणजे तो आत ढकलला जाणार नाही. यानंतर बर बदला, हातमोजे बदला, हायपोक्लोराईटने खड्डा धुवा. इथपर्यंत वापरलेलं कोणतंही हत्यार पुढे चालत नाही.

गर कापणं

निर्जंतुक गोल डायमंड बर, हायस्पीड हँडपीस आणि भरपूर पाणी. हळू फिरणारा स्टीलचा बर किंवा चमचा गर ओढतो आणि फाडतो. डायमंडने तो कापला जातो. कापलेल्या जखमेचं काठ स्वच्छ असतं आणि रक्त लवकर थांबतं.

कापण्याआधी दहा सेकंद नुसतं बघा. भिंगातून बघत असाल तर उत्तमच. गर लाल, भरीव आणि एकसंध आहे का? रक्त उजळ आहे का? पिवळा पू येतोय, गर धाग्यांसारखा सुटतोय, की रक्तच येत नाही? रक्त न येणं हे वरवर सोयीचं वाटतं, पण ते सर्वांत वाईट लक्षण आहे. तिथे आणखी खाली कापत जा. मुळाच्या तोंडाशीही जिवंत रक्त दिसलं नाही तर पल्पोटॉमी सोडा.

किती कापायचं यावर दोन मतं आहेत. अर्धवट पल्पोटॉमीत दोन-तीन मिलिमीटर खोल कापतात. स्वीडनच्या मिओमिर च्वेक यांनी १९७८ मध्ये अपघाताने तुटलेल्या पुढच्या दातांत ही पद्धत चांगली रुजवली. पण तिथे गर अपघातापूर्वी निरोगी होता. मोठ्या माणसाच्या आपोआप ठणकणाऱ्या दाढेत मी संपूर्ण पल्पोटॉमीच करतो, म्हणजे मुळांच्या तोंडापर्यंत. सुजलेला भाग किती खोल आहे याचा अंदाज डोळ्यांनी नक्की येत नाही, आणि मुळाच्या तोंडाशी ऊती अरुंद असल्याने रक्त आवरणंही सोपं जातं. तरुण रुग्ण, सौम्य लक्षणं, उघडी जागा लहान आणि रक्त पटकन थांबणारं असेल, तर अर्धवट पुरते.

खोलीचं छत पूर्ण काढा. शिंगांच्या (गराच्या वरच्या टोकांच्या) कोपऱ्यांत आणि छताच्या कडेखाली गराचे तुकडे लपून राहतात आणि पुढे तेच रक्त गाळत बसतात. तळाला बर लावू नका. तळाचा रंग गडद असतो, त्यावरच्या रेषा मुळांच्या तोंडापर्यंत नेतात, आणि भोक पडलं तर गर वाचवण्याचा प्रश्नच उरत नाही.

रक्त थांबण्याची वाट

सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो.

सलाईनने खोली धुवा. कापसाचा निर्जंतुक गोळा २.५ ते ५ टक्के हायपोक्लोराईटमध्ये भिजवा, पिळा, मुळांच्या तोंडांवर अलगद ठेवा आणि वर कोरड्या गोळ्याने हलका दाब द्या. घड्याळ लावा. पाच मिनिटांनी गोळा उचला. कोरडा गोळा थेट जखमेवर कधी ठेवू नये. उचलताना त्याचे धागे गुठळीला चिकटतात आणि पुन्हा रक्त सुरू होतं. हायपोक्लोराईट जंतू मारतं आणि वरची गुठळी विरघळवतं, त्यामुळे सिमेंट रक्ताच्या थरावर न बसता थेट ऊतीवर बसतं.

पाच मिनिटांनी रक्त थांबलं असेल तर पुढे जा. थांबलं नसेल तर लगेच हार मानू नका. भिंगातून छताखालच्या आणि शिंगांतल्या उरलेल्या तुकड्यांचा शोध घ्या, बरने साफ करा, आणि पुन्हा पाच मिनिटं गोळा ठेवा. माझ्या अनुभवात हट्टी वाटणारा रक्तस्राव बऱ्याचदा राहिलेल्या कोपऱ्याचा निघतो. दहा मिनिटांनीही एखाद्या मुळातून धार चालूच असेल, तर लांब मानेच्या बरने त्या मुळात एक-दोन मिलिमीटर आणखी खाली जा आणि एकदाच शेवटचा प्रयत्न करा. त्यानंतरही थांबलं नाही तर त्याच बैठकीत रूट कॅनाल सुरू करा.

फेरिक सल्फेट, ॲड्रेनालिनचे गोळे, लेझर, असे रक्त झटकन थांबवणारे उपाय सुचवले जातात. मी वापरत नाही. रक्त किती वेळात आपोआप थांबलं, यावरून मुळांतल्या गराची सूज कळते. तो आवाज दाबला तर निदान आंधळं होतं. हा काळ केसपेपरवर मिनिटांत लिहून ठेवा. पुढे त्या दाढेचं काय झालं हे पाहताना यासारखी दुसरी उपयोगी नोंद नाही.

मी एकदा या बाबतीत चुकलो. तीन मुळांपैकी दोन कोरडी झाली होती आणि तिसऱ्यातून थोडं पाझरत होतं. रुग्णाला बस पकडायची होती, मलाही पुढच्या भेटीची घाई होती, म्हणून त्या पाझरत्या मुळावरच सिमेंट ठेवलं. चौथ्या दिवशी ती दाढ रुग्णाला जमिनीवर पाय टेकू देईना. रूट कॅनाल केलं तेव्हा दोन मुळांतला गर ठीक होता आणि तिसऱ्यातला नव्हता.

सिमेंट ठेवणं

बायोडेंटिन असेल तर कॅप्सूलमध्ये द्रवाचे पाच थेंब मोजून टाका आणि मिसळण्याच्या यंत्रात ४,००० ते ४,२०० फेऱ्यांवर ३० सेकंद फिरवा. सहावा थेंब पडला तर मिश्रण सैल होतं आणि बसायला वेळ घेतं. चार पडले तर चुरा होतो. एमटीए असेल तर पावडर आणि पाणी तीनास एक.

खोली ओलसर कापसाने टिपून घ्या. हवेची फुंकर मारू नका. सिमेंट ॲमलगम कॅरियरने किंवा प्लगरने (दाबायच्या हत्याराने) मुळांच्या तोंडांवर आणि तळावर पसरा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा सलग थर हवा. दाबताना हात हलका ठेवा. मुळांत सिमेंट कोंबायचं नाही, नुसतं तोंडावर टेकवायचं. प्लगरपेक्षा ओलसर कापसाच्या गोळीने थापलं तर अंदाज चुकत नाही. बाजूच्या भिंतींवर चिकटलेलं सिमेंट लगेच पुसून घ्या. भरण तिथेच चिकटणार आहे, आणि घट्ट झाल्यावर पुसायला गेलात तर थरही हलतो.

मग थांबा. १२ मिनिटांत रुग्णाशी गप्पा मारा, नोंदी लिहा, पण सिमेंटला पाणी लावू नका आणि टोचून पाहू नका.

त्याच दिवशी पक्कं भरण

'सिमेंट ठेवलं, आठवड्याने बघू' ही चूक मी सुरुवातीला पुष्कळ केली. तात्पुरतं भरण गळतं, आणि जंतूंना आठवडा भरपूर होतो. शक्य असेल तर पक्कं भरण त्याच बैठकीत करा. बायोडेंटिन बसल्यावर, किंवा एमटीए असेल तर त्यावर लगेच, रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमरचा पातळ थर देऊन वर कंपोझिट करता येतं. ताज्या सिमेंटवर ॲसिड एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खरखरीत करणं) टाळा. त्याने पृष्ठभाग कमकुवत होतो. सेल्फ-एच बाँडिंग बरं.

वेळ खरंच नसेल तर दुसरा मार्ग आहे: संपूर्ण खड्डा बायोडेंटिननेच भरा आणि काही आठवड्यांनी वरचा थर कापून कंपोझिट किंवा क्राउन करा. बायोडेंटिन तोंडात काही महिने तग धरतं, पण झिजतं. कायमचं भरण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. दाढेचे दोन उंचवटे पातळ उरले असतील तर त्यांना झाकणारं भरण किंवा क्राउन आधीच ठरवून ठेवा. तुटलेला उंचवटा आणि गळकं भरण यांनी वर्षभरानंतर होणारी अपयशं मी सिमेंटच्या अपयशांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

काम संपल्यावर एक एक्स-रे काढा. पुढच्या प्रत्येक एक्स-रेची तुलना याच्याशीच होईल.

घरी गेल्यावर

एक-दोन दिवस थोडं दुखेल, चावताना जाणवेल, हे आधीच सांगून ठेवा. पथ्य नसेल तर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल पुरतं. प्रतिजैविक देऊ नका. गरदाहाच्या कळेवर त्याचा उपयोग नाही, आणि न दिलेल्या गोळीचे दुष्परिणाम नसतात. दुसऱ्या दिवशी फोन करा. कळ कमी होण्याऐवजी चढत गेली, सूज आली किंवा रात्री पुन्हा जाग आली, तर त्याच दिवशी बोलवा.

ज्यांची रात्रीची कळ त्याच संध्याकाळी गेली, ते रुग्ण पुन्हा येत नाहीत, हे मात्र खरं. म्हणून सहा महिन्यांची आणि वर्षाची तारीख जाण्याआधी त्यांच्या हातात द्या. सहा महिन्यांनी लक्षणं आणि तपासणी, वर्षाने एक्स-रे, आणि पुढे काही वर्षं दरवर्षी एकदा बघा.

पाठपुराव्यात एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. संपूर्ण पल्पोटॉमीनंतर थंड फवाऱ्याला उत्तर येणार नाही. वरचा गरच नाही आणि मध्ये सिमेंटची जाड भिंत आहे. यावरून गर मेला असं ठरवू नका. लक्षणं नाहीत, ठोकल्यावर दुखत नाही, हिरडी शांत आहे, मुळाशी नवा काळा डाग नाही किंवा असलेला कमी झाला आहे, तर दात चांगला आहे. डेंटिनचा पूल एक्स-रेत दिसलाच पाहिजे असाही आग्रह नको. सिमेंटच्या सावलीत तो पुष्कळदा दिसतच नाही.

संशोधनांतून मोठ्यांच्या दाढांत संपूर्ण पल्पोटॉमीचं एक वर्षाचं यश नव्वद टक्क्यांच्या पुढे येत राहिलं आहे. वर्षं वाढतात तसा आकडा थोडा घसरतो. रूट कॅनालचा आकडाही घसरतो, पण ती तुलना करताना हे विसरू नका की पल्पोटॉमी फसली तर रूट कॅनाल उरतं, आणि रूट कॅनाल फसलं तर पुढचा मार्ग आणखी अवघड असतो.

फसल्यावर

लवकर फसणं, म्हणजे पहिल्या काही दिवसांत चढणारी कळ, हे बहुतेक निदानाचं अपयश असतं. मुळांतला गर आधीच गेलेला होता. उशिरा फसणं सावकाश येतं: दुखत काहीच नाही, आणि वर्षाच्या एक्स-रेत मुळाशी डाग दिसतो. तिथे भरणाच्या कडा आधी तपासा. कडा गळत असेल तर नुसतं सिमेंट बदलून दात सुधारत नाही, कारण खाली जंतू पोचलेले आहेत. रूट कॅनाल करा.

आत शिरताना घट्ट झालेलं सिमेंट विरघळत नाही. अल्ट्रासॉनिक टिपने किंवा लांब मानेच्या बरने भिंगाखाली सावकाश फोडावं लागतं. बायोडेंटिन आणि डेंटिनचा रंग जुळतो, त्यामुळे घाईत तळाला भोक पडण्याचा धोका खरा आहे. मुळांच्या तोंडाशी नवं कठीण आवरण बनलेलं असू शकतं आणि नलिका अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून ८ आणि १० नंबरच्या बारीक फायली आणि थोडा जास्त वेळ बाजूला ठेवा. पहिल्या बैठकीचा एक्स-रे समोर लावा. त्यात सिमेंट किती जाड होतं आणि मुळांची तोंडं कुठे होती हे दिसतं. रक्त थांबायला लागलेली मिनिटं लिहून ठेवली असतील, तर कोणत्या मुळाकडे आधी वळायचं हेही त्या नोंदीतच सापडतं.